गिअर उतरवताना रेस कशासाठी?

गगनबावडा मागे टाकून करूळ घाट उतरायला लागलं, की पावसाळ्यात धुक्यात पुढचं वळणही नीट दिसत नाही. कोल्हापूरहून या वाटेने कोकणात जाणारा प्रत्येक जण इथे तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकतो, आणि क्लच सोडताच बसणारा झटकाही त्याच्या ओळखीचा असतो. गिअर उतरवताना बेताची रेस दिली, तर तो झटका बसत नाही. यालाच रेस जुळवणं म्हणतात. ब्रेक दाबलेला असतानाच, त्याच उजव्या पायाने रेस दिली तर ते हील-टो.

झटक्याचं गणित सोपं आहे. तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.३ आणि दुसऱ्याचं १.९ धरा. तिसऱ्यात मिनिटाला २,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाला त्याच वेगात दुसऱ्या गिअरवर सुमारे २,९०० फेरे घ्यावे लागतात. मधले ९०० फेरे कुणी तरी भरून काढायला हवेत. तुम्ही रेस दिलीत तर इंजिन स्वतः वर चढतं. नाही दिलीत तर चाकं त्याला ओढून वर नेतात आणि मध्ये क्लचप्लेट घासते.

‘रेस दिली की गिअरबॉक्स वाचतो’ हे मी कितीतरी चांगल्या चालकांच्या तोंडून ऐकलं आहे. ते खरं नाही. क्लच दाबलेला असताना इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सुटलेले असतात. तेव्हा कितीही रेस द्या, आतल्या गिअरना त्याचा पत्ताही लागत नाही. त्यांचा वेग जुळवते ती सिंक्रो रिंग. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला, त्याआधी हे काम चालकाच्या हातापायांचं होतं. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. हाच तो डबल क्लच. सिंक्रो नसलेल्या जुन्या ट्रकवर त्याशिवाय खालचा गिअर पडताना करकर ठरलेली असे. आजच्या कारमध्ये साधी रेस जुळवून वाचते ती क्लचप्लेट, आणि त्याहून मोलाची म्हणजे टायरची पकड.

ओल्या वळणावर खालचा गिअर टाकून क्लच एकदम सोडला, तर इंजिनाचा ओढा थेट चाकांवर येतो. आपल्या बहुतेक लहान गाड्यांत ताकद पुढच्या चाकांना असते, म्हणजे वळवणारी चाकंच घसरू शकतात. ‘एबीएस आहे की!’ असं म्हणून इथे भागत नाही. एबीएस ब्रेकचा दाब सैल करतं, क्लचमधून आलेला इंजिनाचा ओढा त्याला सैल करता येत नाही.

हील-टोने ब्रेक जास्त लागतो, हाही गैरसमजच. गाडीचा वेग ब्रेकच कमी करतो. हील-टोमुळे फक्त ब्रेकवरचा पाय न काढता गिअर उतरवता येतो.

याच घाटातली दुसरी समजूत मला जास्त भीतिदायक वाटते. उतारावर न्यूट्रल टाकला की पेट्रोल वाचतं, असं लोक आजही सांगतात. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत उलट घडतं. गाडी गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला, की उतारावर इंजिनाचा इंधनपुरवठा बंद होतो, कारण चाकंच त्याला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन जाळावंच लागतं. वर सगळा भार ब्रेकवर पडतो, ते तापतात आणि त्यांची पकड कमी होत जाते. इंजिनच बंद केलं, तर दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो, कारण त्याला मदत करणारा बूस्टर इंजिनावर अवलंबून असतो. कृपा करून हे कुणी करू नका.

हील-टो आल्याशिवाय रेसर होता येत नाही, असं आपल्या मुलांना वाटतं. पण कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकॅडमीसारख्या ट्रॅकवर मुलं ज्या साध्या कार्टवर शिकतात, तिला बदलायचे गिअरच नसतात, आणि ब्रेक डाव्या पायाने लावायचा असतो. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ज्या ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत धावला, त्या गाड्यांचे गिअर स्टिअरिंगमागच्या पट्टीवर बदलतात, म्हणजे तिथेही हील-टो लागत नाही. फॉर्म्युला वनमध्ये ही पट्टी १९८९ मध्ये फेरारीने आणली.

हील-टो या नावावर जाऊन टाच वापरायचीच, असंही नाही. बहुतेक जण चवड्याने ब्रेक धरतात आणि पावलाची उजवी कड रेसवर कलती करतात. काही गाड्यांत रेसचा पेडल ब्रेकपेक्षा बराच खाली असतो, तिथे पाय पोचत नाही. काही नव्या गाड्या दोन्ही पेडल एकत्र दाबल्यास रेस तोडतात.

म्हणून घाटासाठी माझ्या मते साधी रीत पुरेशी आहे. वळणाआधी सरळ रस्त्यावर ब्रेक लावून वेग कमी करा. पाय ब्रेकवरून रेसवर आणा, क्लच दाबा, खालचा गिअर टाका, रेसला हलकी टिचकी द्या आणि क्लच सोडा. सराव रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानात करा, शेजारी कुणाला तरी बसवा. क्लच सोडल्यावर त्याची मान पुढे झुकली तर रेस कमी पडली, मागे गेली तर जास्त झाली.