समुद्राचे मीठ आणि तापीकाठचा पाऊस

संगणकात समुद्र उभा करण्याची रीत अशी. पाण्याचे चौकोन पाडायचे, त्यांचे थर लावायचे आणि प्रत्येक चौकोनाला प्रवाह, तापमान आणि क्षारता यांचे आकडे द्यायचे. यातल्या तापमानाची चर्चा सगळीकडे असते. एल निनोचे नाव आता चोपड्याच्या बाजार समितीतही ऐकू येते. क्षारतेबद्दल मात्र कोणी बोलत नाही, आणि मान्सूनच्या मॉडेलांची एक मोठी चूक नेमकी तिथेच दडलेली आहे.

मिठाचा खानदेशाशी संबंध काय, असे वाटणे साहजिक आहे. धुळे जिल्हा सह्याद्रीच्या मागे पडतो आणि अरबी समुद्रावरून येणारे ढग बहुतेक घाटमाथ्यावरच रिकामे होतात. जुलै-ऑगस्टमध्ये रावेर, यावलपासून शिरपूरपर्यंत सातपुड्याच्या पायथ्याला जो दमदार पाऊस होतो, त्यातला बराचसा बंगालच्या उपसागरावर तयार झालेल्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे येतो. ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश ओलांडत ही क्षेत्रे पश्चिमेकडे सरकतात आणि तापी-पूर्णेचे खोरे भिजवतात. ती आली नाहीत की पाऊस दडी मारतो आणि धूळपेरणी केलेल्यांवर दुबार पेरणीची वेळ येते. म्हणजे जळगाव-धुळ्याच्या पिकाची एक दोरी हजारभर किलोमीटरवरच्या समुद्राच्या हातात आहे, आणि तो समुद्र गोड्या पाण्याने माखलेला आहे.

जगाच्या समुद्रात सरासरी एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतात. अरबी समुद्रात पावसापेक्षा बाष्पीभवन जास्त, म्हणून तिथे ते ३६ ग्रॅमच्या आसपास भरतात. बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला पावसाळ्यानंतर हाच आकडा ३० च्या खाली उतरतो. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला हजार घन किलोमीटरहून अधिक पाणी तिथे ओततात. इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा वेगळ्याच.

क्षार कमी झाले की पाणी हलके होते. उपसागराच्या उबदार पाण्यात एक ग्रॅम क्षार कमी होण्याचा घनतेवर जो परिणाम होतो, तोच परिणाम तापवून साधायचा तर पाणी दोन अंशांहून अधिक तापवावे लागेल. आपल्या परिचयाच्या मापाने हिशेब करू. चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याला पाणी देणारे गिरणा धरण काठोकाठ भरले की त्यात साडेएकवीस टीएमसी, म्हणजे सुमारे ०.६१ घन किलोमीटर पाणी असते. मॉडेलमधला समुद्राचा एक चौकोन घ्या, ५० किलोमीटर लांब, तेवढाच रुंद आणि १० मीटर खोल. त्यात २५ घन किलोमीटर पाणी मावते. त्याची क्षारता ३३ असेल आणि त्यात एक भरलेले गिरणा धरण ओतले, तर ती ३२.२ वर येते. घनतेच्या दृष्टीने हे पाणी सुमारे पावणेदोन अंश तापवल्यासारखे आहे. गंगा-ब्रह्मपुत्रा अशी सोळाशेहून अधिक गिरणा धरणे दर वर्षी उपसागरात रिकामी करतात.

हे हलके पाणी वर तरंगत राहते आणि वाऱ्याला खालच्या थंड पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही. त्याच्या आणि थंड पाण्याच्या मध्ये खारट पण तितक्याच उबदार पाण्याचा एक थर अडसरासारखा बसतो. वादळी वारे सुटले तरी घुसळण होते ती याच उबदार पाण्याची, त्यामुळे पृष्ठभाग फारसा थंड होत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शेणॉय, शंकर आणि सतीश शेट्ये यांनी २००२ मध्ये दोन्ही समुद्रांच्या उष्णतेचा ताळेबंद मांडला. मान्सूनच्या वाऱ्यांनी अरबी समुद्र थंडावतो, पण उपसागर २८ अंशांच्या वर टिकून राहतो. उंच पावसाळी ढग उभे राहायला साधारण एवढीच ऊब लागते. त्या ढगांतून पडलेला पाऊस आणि नद्यांना आलेले पूर पुन्हा समुद्राचा वरचा थर गोडा करतात. चक्र पूर्ण होते.

आता हेच चक्र संगणकात उलटे फिरलेले पाहा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले (आयआयटीएम) अनंत पारेख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीएफएस या मॉडेलच्या दोन आवृत्त्या प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहिल्या. २०१२ च्या मान्सून मिशनने हंगामी अंदाजासाठी याच मॉडेलची दुसरी आवृत्ती स्वीकारली होती. उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग दोन्ही आवृत्त्यांत वर्षभर खऱ्यापेक्षा खारट निघाला. पहिल्या आवृत्तीत तर उपसागराचे ऋतुचक्रच बिघडलेले होते, कारण मॉडेलचा पाऊस कमी पडत होता आणि नद्यांचे पाणी नीट धरलेले नव्हते. दुसरीत सुधारणा झाली, पण खारटपणा गेला नाही.

मॉडेलच्या जाडीचाही प्रश्न आहे. या दुसऱ्या आवृत्तीतल्या समुद्राचे वरचे थर प्रत्येकी १० मीटरचे आहेत, आणि उपसागराच्या उत्तरेला गोड्या पाण्याची साय कित्येकदा पाच ते दहा मीटरच जाड असते. मॉडेल ती पहिल्याच थरात कालवून टाकते, दिसण्याआधीच. चौकोनाची पूर्व-पश्चिम लांबी अर्धा अंश, म्हणजे आपल्या अक्षांशावर सुमारे ५२ किलोमीटर. जळगाव ते धुळे या अंतरात असे दोन चौकोनही पुरते बसत नाहीत. किनाऱ्याला चिकटून दक्षिणेकडे जाणारी गोड्या पाण्याची अरुंद पट्टी इतक्या जाड रेघेने कशी काढणार? श्रीलंकेला वळसा घालून हिवाळ्यात हेच पाणी अरबी समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात पोहोचते. केरळात मान्सून येण्याआधी लक्षद्वीपच्या आसपासचा समुद्र जो विलक्षण तापतो, त्यातही त्याचा हात आहे.

जुन्या मॉडेलांत तर याहून विचित्र गोष्ट घडे. त्यांच्या समुद्राचे घनफळ ठरलेले असे, त्यामुळे नदीचे पाणी त्यात ओतताच येत नसे. मग पाणी घालण्याऐवजी तेवढ्या हिशेबाने मीठ काढून घेत, आणि हिशेब बहुधा ३५ ग्रॅमचा धरत. मुळात २० ग्रॅमच क्षार असलेल्या मुखापाशी लिटरमागे ३५ ग्रॅम काढत राहिले तर काय होणार? आकडा शून्याच्याही खाली जाई. उणे क्षारतेचा समुद्र निसर्गात कुठेही नाही.

एवढी चूक साचते कशी, याचे उत्तर मला या विषयात सर्वांत महत्त्वाचे वाटते. मॉडेलचा समुद्र चुकून जास्त तापला तर बाष्पीभवन वाढते आणि तो आपोआप थोडा निवतो. हवा त्याला सावरते. क्षारतेला असा सावरणारा कोणी नाही. समुद्र किती खारट आहे हे पाहून पाऊस पडत नाही. त्यामुळे क्षारतेतली बारीकशी चूकही महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे वाढत जाते.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेला जुना उपाय म्हणजे मॉडेलची क्षारता सतत जुन्या सरासरीकडे ओढत ठेवायची. १९८२ मध्ये सिडनी लेव्हिटस यांनी जगभरच्या जहाजांच्या नोंदींवरून तयार केलेला नकाशासंग्रह त्यासाठी कित्येक वर्षे वापरला गेला. मला हा उपाय पटत नाही. मॉडेल भरकटत नाही हे खरे, पण महापुराचे वर्ष आणि दुष्काळाचे वर्ष दोन्ही एकाच सरासरीला बांधली जातात. ज्या वर्षाचा अंदाज हवा, त्या वर्षाचे वेगळेपणच पुसले जाते. नद्यांचेही अनेक मॉडेलांत तेच होते. दर महिन्याचा सरासरी प्रवाह एकदा भरला की तोच दर वर्षी वाहतो. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला आलेल्या पुराने सुरत बुडाले, पण अशा मॉडेलातली तापी त्या महिन्यातही नेहमीसारखीच वाहिली असती.

मध्य भारतावर मॉडेलांचा पाऊस कमी पडतो, त्याचे सगळे खापर क्षारतेवर फोडता येणार नाही. ढगांचे गणित हा त्यातला फार मोठा भाग आहे. पण समुद्राच्या बाजूची चूक दुरुस्त करणे आपल्या हातात आहे आणि त्या दिशेने काम सुरूही झाले आहे. २०१६ च्या जून-जुलैत ‘सिंधु साधना’ हे जहाज उपसागराच्या दक्षिण भागात मोजमापे घेत होते. अर्गो तरंगक दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपर्यंतची क्षारता कळवतात, उपग्रह २००९ पासून पृष्ठभागाची क्षारता टिपतात. आयआयटीएमच्या संशोधकांनी मॉडेलला नद्यांचे वहन जोडूनही पाहिले आहे, म्हणजे मॉडेलमध्ये पडलेला पाऊसच मॉडेलच्या नदीतून समुद्रात जावा.

तरीही नद्यांचे खरे आकडे लागतातच. तापीवर गिधाडे, सावखेडा, भुसावळ इथे केंद्रीय जल आयोग प्रवाह मोजतो, आणि तापी खोऱ्याचे आकडे इंडिया-व्रिस या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. ज्यांच्या पाण्यावर उपसागराची क्षारता ठरते त्या गंगा आणि ब्रह्मपुत्रेचे आकडे मात्र गोपनीय आहेत. सीमेपलीकडे जाणाऱ्या नद्यांबाबत सरकारला वाटणारी सावधगिरी समजण्यासारखी आहे. पण मान्सूनचा अंदाज बांधणाऱ्या आपल्याच संस्थांना हे आकडे रोजच्या रोज मॉडेलमध्ये भरता यावेत आणि बाकीच्या अभ्यासकांना निदान वर्षभराने तरी मिळावेत, एवढी व्यवस्था केंद्राने करावी. खानदेशातल्या आमदार-खासदारांनी पीकविम्याइतकाच हाही प्रश्न लावून धरावा.