काटक नेच्यांची घरगुती पैदास

नेचा म्हटला कीं सह्याद्रीचा पाऊस आणि ओले कडे डोळ्यांपुढें येतात. ज्या भुसावळ-दीपनगरच्या टापूंत वैशाखांत उष्णमान ४५ अंशांवर जातें, तेथें नेचे लावा असें सांगणें पुष्कळांस थट्टेचें वाटेल. थंड देशांतील बागवान ज्यास काटक नेचा म्हणतात तो बर्फ सोसणारा. आपणांस हवा तो ऊन आणि कोरड सोसणारा. तो शोधण्यास दूर जावयास नको. जुन्या दगडी विहिरींच्या सांध्यांत व पडक्या गढ्यांच्या भिंतींवर तो आयता सांपडतो.

मात्र हें आयतें ठिकाण कमी होत चाललें आहे. विंधनविहिरी आल्यापासून जुन्या विहिरींची निगा सुटली. कांहीं बुजल्या, कांहींस सिमेंटचें अस्तर मिळालें. त्यांत मोरशिखा व हंसराज हे दोन्ही नेचे औषधी म्हणून मुळांसकट उपटले जातात. हौशी बागाइतदारानेंहि तेंच करावें हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. शिवाय फटींत शिरलेलें मूळ उपटतांना तुटतें आणि असें रोप कुंडींत क्वचितच धरतें. भिंतीवरून दोनचार पानें घ्यावीं, झाड तेथेंच राहूं द्यावें.

नेच्यास फूल नाहीं व बीहि नाहीं. पानाच्या पाठीवर जी तपकिरी भुकटी धरते ते त्याचे बीजाणु. मोरशिखेचें पान लहानशा पंख्यासारखें असतें. तिचे बीजाणु पानाच्या अरुंद पात्यांच्या कडेशीं, खालच्या अंगास असतात. ते तपकिरी होऊं लागले कीं पान तोडून कोऱ्या कागदाच्या घडींत दोनतीन दिवस सावलींत ठेवावें. कागदावर बारीक धूळ पडेल, तेंच बियाणें.

विटांचा चुरा, जुन्या भिंतीचा चुना आणि चाळलेलें पानांचें खत एकत्र करून कांचेच्या रुंद तोंडाच्या बरणींत तीन बोटें थर द्यावा. त्यावर उकळतें पाणी ओतावें. हें टाळूं नये, कारण शेवाळ व बुरशी हेच येथील खरे शत्रु होत. मिश्रण निवाल्यावर धूळ अगदीं विरळ पेरावी, माती मुळींच लोटूं नये, आणि बरणीचें तोंड झांकून ती उन्हाची तिरीप न लागणाऱ्या उजेडांत ठेवावी. आषाढ-श्रावण हा काळ सोईचा.

झांकलेल्या कांचेचें महत्त्व लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनीं इ. स. १८२९ च्या सुमारास ओळखलें. पतंगाचा कोष ओल्या मातीसह बंद बाटलींत ठेवला असतां त्या मातींतून नेचा आपोआप उगवला. बाहेर शहराच्या धुरानें त्यांचे नेचे मरत असत. पुढें याच तत्त्वावरील कांचेच्या पेट्यांतून चीनमधील चहाचीं रोपें हिंदुस्थानांत आलीं.

कांहीं आठवड्यांत बरणींत हिरवा लेप दिसूं लागतो व त्यांतून मसुरीच्या डाळीहूनहि लहान, हृदयाच्या आकाराच्या चकत्या होतात. पुष्कळजण हें शेवाळ समजून फेंकून देतात! नेच्याचें फलन या चकत्यांवरच होतें, आणि पुंबीज पाण्यांतून पोहत गेल्यावांचून तें होत नाहीं. म्हणून या अवस्थेंत उकळून निवविलेल्या पाण्याचा बारीक तुषार आठवड्यांतून एकदां द्यावा. त्यानंतर पहिलें खरें पान येतें. प्रत्येक रोपास दोनतीन पानें होईपर्यंत त्यास हलवूं नये; नंतर झांकण रोज थोडें थोडें उघडून त्यास बाहेरच्या हवेची संवय लावावी.

हंसराजाच्या बाबतींत एवढा खटाटोप नको. त्याचें पान टोंकाशीं लांब होऊन जमिनीस टेंकतें व तेथें मूळ धरतें. श्रावणांत तें टोंक शेजारच्या कुंडींतील ओल्या मातीवर बाभळीच्या कांट्यानें खोंचून ठेवावें. मूळ धरून नवीं पानें फुटलीं कीं मधला दांडा कापावा. पाऊस संपल्यावर हंसराज वाळतो, पण कंद जिवंत असतो. कुंडी छायेंत ठेवून माती अगदीं ठणठणीत होऊं न देण्यापुरतेंच पाणी घालावें. मोरशिखेचीं पानें तर उन्हाळ्यांत आंवळून करपल्यासारखीं होतात व भिजतांच पुन्हां उलगडतात. त्या वेळीं कींव येऊन रोज पाणी घातल्यास ती कुजते.

दीपनगरच्या औष्णिक केंद्रामुळें या भागांत कोळशाची राख सहज मिळते. ती कुंडीच्या मातींत मिसळूं नये. तींत सोमल अल्प प्रमाणांत असतो, आणि जुन्या चुन्याच्या भिंतींवर येणारा लांब पात्यांचा टेरिस व्हिटाटा हा नेचा मातींतील सोमल शोषून पानांत सांठवितो, असें फ्लोरिडांतील संशोधकांनीं इ. स. २००१ मध्यें दाखविलें. राखेच्या जमिनींतील या नेच्याचीं पानें गुरांपुढें किंवा खताच्या खड्ड्यांत टाकूं नयेत.

तयार रोपांपैकीं कांहीं, पुढील मृगाच्या पावसानंतर, विहिरीच्या उत्तराभिमुख भिंतींतील सांध्यांत चुना व पानांचें खत भरून बसवावीं. तेथें त्यांना निराळें पाणी घालावें लागत नाहीं.