कार्बन समस्थानिके आणि ५.६ कोटी वर्षांपूर्वीची तापमानवाढ

कार्बन-१२ व कार्बन-१३ ही कार्बनची दोन स्थिर समस्थानिके होत. वनस्पती प्रकाशसंश्लेषणात हलका कार्बन-१२ अधिक स्वीकारतात. त्यामुळे सेंद्रिय पदार्थांत व त्यांपासून निर्माण होणाऱ्या मिथेनमध्ये कार्बन-१३ चे प्रमाण कमी असते. समुद्रातील फोरॅमिनिफेरा या सूक्ष्मजीवांच्या चुनखडी कवचांत तत्कालीन पाण्यातील हे गुणोत्तर, अगदी जसेच्या तसे नसले तरी, पुष्कळसे टिकून राहते.

अंटार्क्टिकाजवळील वेडेल समुद्रातून काढलेल्या गाळाच्या गाभ्यात हे गुणोत्तर एका थरात एकाएकी घसरल्याचे केनेट व स्टॉट यांनी १९९१ मध्ये दाखविले. त्याच काळी पृथ्वीचे तापमान सुमारे ५ अंश सेल्सिअसने वाढले आणि खोल समुद्रतळावरील फोरॅमिनिफेरांच्या अनेक जाती नष्ट झाल्या.

हा हलका कार्बन आला कोठून, हा खरा वादाचा प्रश्न होय. डिकेन्स व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये समुद्रतळाखालील गोठलेल्या मिथेनकडे बोट दाखविले. मिथेनमधील कार्बन इतका हलका की सुमारे दोन हजार अब्ज टनही पुरेसे ठरावेत. ज्वालामुखीय कार्बन त्यामानाने जड. तेवढ्याच घसरणीसाठी तो कितीतरी पट लागतो. अर्थात, केवळ समस्थानिकांवरून राशी ठरत नाही. येथेच पुष्कळदा घाई केली जाते. दक्षिण अटलांटिकमधील वॉल्व्हिस पर्वतरांगेवरील गाभ्यांत झाकॉस प्रभृतींना २००५ मध्ये चुनखडी विरघळून केवळ चिकणमाती उरलेली आढळली. एवढ्या व्यापक आम्लीकरणास मिथेनचा तो अंदाज अपुरा पडतो. बोरॉन समस्थानिकांच्या आधारे २०१७ मध्ये काढलेला आकडा १०,००० अब्ज टनांहून अधिक असून मुख्य स्रोत उत्तर अटलांटिकमधील ज्वालामुखी मानला गेला. समुद्र पूर्वस्थितीस येण्यास एक लाखाहून अधिक वर्षे लागली.