स्टिकरचे संत्रे आणि अंगातले रक्त



धर्मापुरीच्या वस्तीत गेलो की हल्ली आमच्यासमोर एक पिशवी येते. घरात बाळंतीण असते, नाहीतर कोणी अंबाजोगाईहून दवाखाना करून आलेले. पिशवीत संत्री, प्रत्येकावर गोल स्टिकर. "सिस्टर, फॉरेनचं आहे. यानं रक्त वाढतं ना?" गेल्या पावसाळ्यात एका ऊसतोड करणाऱ्या गरोदर बहिणीच्या सासूबाईंनी मुकादमाच्या उचलीतून पैसे काढून अशी संत्री आणली होती.

आपले नागपुरी संत्रे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि पुन्हा फेब्रुवारी ते एप्रिल बाजारात असते. पावसाळ्यात ते नसते, तेव्हा दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलियात हंगाम चालू असतो. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर 2022 मध्ये लागू झाला आणि तिथल्या ठरावीक मालावरचा आयातकर निम्मा झाला. हा माल थंड कंटेनरमधून जहाजाने येतो. वाळू नये म्हणून सालीवर मेणाचा पातळ थर देतात. त्याला घाबरू नका. धुवा, सोला, खा. स्टिकरवरचा आकडा दुकानदाराला फळाची जात ओळखण्यासाठी असतो. ताकदीचा तो दाखला नाही.

आता रक्ताचे. संत्र्यात लोह जवळजवळ नसतेच. त्यातले क जीवनसत्त्व डाळ-भाजीतले लोह अंगी लागायला मदत करते, एवढेच. आणि तेही 100 ग्रॅम संत्र्यात सुमारे 40 मिलिग्रॅम, तर आपल्या पेरूत 200 च्या आसपास! आवळ्यात त्याहून जास्त. फळ नसेल तर ताट वाढल्यावर वरणावर लिंबू पिळा. उकळत्या वरणात पिळले तर बरेचसे क जीवनसत्त्व वाया जाते. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, तो लोह अडवतो.

गरोदरपणी हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी. 7 च्या खाली असेल तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. तिथे ना संत्रे कामाचे, ना पेरू.

त्या बहिणीचे हिमोग्लोबिन 8 होते. आशाताईंनी फुकट दिलेल्या लोहाच्या गोळ्या पेटीत तशाच पडलेल्या. गोळीने मळमळते, शी काळी होते, म्हणून घाबरून तिने बंद केल्या होत्या. शी काळी होणे हा गोळीचाच रंग आहे, आजार नव्हे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. आम्ही गोळी रात्री जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितली. महिन्याने गेलो तेव्हा पाकिटे रिकामी होती, आणि सासूबाई पुढची पाकिटे आणायला उपकेंद्रात गेल्या होत्या.