चार तळहातांवरची गाडी

रे रोड स्टेशनाबाहेर पडून दारूखान्याच्या दिशेने चालू लागले की प्रथम कानावर पडतो तो लोखंडावर बसणाऱ्या घणाचा आवाज. पत्रे, नळ्या आणि साखळदंडांच्या ढिगांमधून वाट काढत पुढे गेले की माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे गॅरेज लागते. बारावीला असताना घर्षणाचा धडा त्याला अतिशय कंटाळवाणा वाटे. त्याच घर्षणासाठी त्याने मला गेल्या पावसाळ्यात मुद्दाम बोलावून घेतले, ही गोष्ट मला सांगितल्यावाचून राहवत नाही.

त्याच्याकडे एक जुनी फोक्सवॅगन पोलो जीटी आहे. चाकणच्या कारखान्यात २००९ ते २०२२ या काळात पोलो गाड्या तयार होत. त्यांतील हा प्रकार १.२ लिटरच्या टर्बो इंजिनाचा, १०५ अश्वशक्तीचा. अशा गाडीला शौकीन मंडळी ‘हॉट हॅचबॅक’ म्हणतात. म्हणजे डिकीच्या जागी वर उघडणारे दार, घरच्या माणसांना पुरेल एवढी जागा आणि छोट्या अंगात मोठे इंजिन. १९७६ च्या गोल्फ जीटीआयने हा प्रकार जगभर गाजवला. आपल्याकडेही त्याची परंपरा आहे. १९१० साली हार्बर मार्ग प्रथम सुरू झाला तो रे रोड ते कुर्ला असा. त्याच कुर्ल्यात २००१ पासून १०० अश्वशक्तीची फियाट पॅलिओ १.६ तयार झाली. पुढे २०१५ साली रांजणगावहून १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो आली, तर २०२४ साली टाटांनी १२० अश्वशक्तीची अल्ट्रोझ रेसर आणली.

गॅरेजच्या भिंतीवर खडूने एक यादी लिहिलेली होती. ‘नव्या मॉडेलमध्ये काय हवे?’ पहिली ओळ होती, ‘ताकद वाढवा.’

“सर, इंजिनाच्या संगणकात फेरफार करून घेतला तर ताकद पाव पटीने वाढेल,” तो म्हणाला. “पैसे एकाच कामापुरते आहेत. हे करू की नवे टायर घेऊ?”

विद्यार्थी मित्रांनो, उत्तर देण्याआधी आपण थोडे गणित करू. वेग बराच वाढल्यावर इंजिनाची बहुतेक ताकद हवेला बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणून शक्ती सव्वापट झाली तरी सर्वोच्च वेग वाढतो तो १.२५ च्या घनमुळाइतका, म्हणजे आठ टक्क्यांहूनही कमी! वेग घेण्याच्या तडफेत फरक जाणवतो हे खरे; पण ती तडफ रस्त्यापर्यंत पोहोचवायची कोणी?

ते काम टायरचे. माणसांसह गाडीचे वजन १२०० किलोग्रॅम धरले, तर प्रत्येक चाकावर सरासरी ३०० किलोग्रॅम भार येतो. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलोग्रॅम असतो. भागाकार करा. जमिनीला टेकणारा भाग भरतो सुमारे १३३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम तुमच्या तळहाताएवढा. पळणे, वळणे आणि थांबणे हे सारे या चार तळहातांच्या बळावर.

त्यातही या गाड्यांत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते, आणि दिशा देण्याचे कामही त्यांनाच करावे लागते. घर्षणाचे भांडवल मर्यादित असते. वळताना त्यातील बराच भाग खर्ची पडला की वेग वाढवायला उरतो तो थोडाच. बेस्टची बस जोरात निघाली की उभे प्रवासी मागे कलतात, हे तुम्ही अनुभवले असेल. गाडीचा भारही तसाच मागे सरकतो, आणि नेमक्या गरजेच्या वेळी पुढची चाके हलकी होतात. ताकद वाढवली की ती जागच्या जागी भिरभिरू लागतात.

यादीतील दुसरी मागणी याच दुखण्यावरची होती : घसरण रोखणारा डिफरन्शियल. कवायतीत चार मुलांची रांग वळताना बाहेरचा मुलगा भराभर चालतो, आतला जवळपास जागीच पावले टाकतो. चाकांचेही तसेच, म्हणून दोघांना निरनिराळा वेग घेऊ देणारा डिफरन्शियल बसवतात. पण साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतो. वळणावर आतले चाक हलके होऊन घसरू लागले की त्याला जेवढा पीळ पेलतो, तेवढाच बाहेरच्या भक्कम चाकाला मिळतो. जणू वर्गातील सर्वांत कच्च्या मुलाला जमेल तेवढाच गृहपाठ सर्वांना! घसरण रोखणारा डिफरन्शियल ही सक्ती मोडतो. २०२५ साली भारतात आयात झालेल्या २६५ अश्वशक्तीच्या गोल्फ जीटीआयमध्ये तो इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा आहे. ही मागणी मला रास्त वाटते.

क्लचसह हाताने बदलायचा गिअर हवा, असेही एकाने लिहिले होते. यात भौतिकशास्त्रापेक्षा हौसच जास्त. पण हौसेलाही कधी यश येते. ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइनमध्ये २०२१ साली क्लचचे पेडल नसलेला गिअर होता. २०२३ साली त्याच्या जागी नेहमीचा सहा गिअरांचा संच आला. उलट गोल्फ जीटीआयच्या ताज्या सुधारणेत हाताचा गिअर गेला आणि स्टिअरिंगवर स्पर्शाच्या पट्ट्यांऐवजी दाबायची बटणे परत आली. बटणांची मागणी बिनमहत्त्वाची समजू नका. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीतील माणसाने पट्टी शोधण्यासाठी दोन सेकंद नजर खाली वळवली, तर गाडी तेवढ्यात ४४ मीटर पुढे गेलेली असते.

“आणि मागच्या चाकांना डिस्क ब्रेक?” त्याने विचारले. त्याच्या गाडीला मागे ड्रम होते.

यावर आमचा बराच वाद झाला. जोराचा ब्रेक लागला की भार पुढे सरकतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर अडीच मीटर धरले, तर एरवी ६० टक्के भार वाहणारी पुढची चाके आता सुमारे ७८ टक्के भार वाहतात. मागच्यांकडे उरतात फक्त २२ टक्के. शिवाय ब्रेक चाक जखडू शकतात, म्हणजे त्यांचे बळ टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. ते आणखी वाढवून गाडी लवकर कशी थांबेल? डिस्कचा फायदा निराळा आहे. ताशी १०० किलोमीटरवरून गाडी एकदा थांबवताना जी उष्णता निर्माण होते, ती दीड लिटर पाणी उकळीपर्यंत तापवील. घाटात असे वारंवार करावे लागते, आणि डिस्क उघडी असल्याने लवकर निवते. रे रोडला घाट नाही.

मग त्याने हळूच खरी हकिगत सांगितली. पावसात, नव्या केबलच्या पुलाच्या उतारावर, सळ्यांनी भरलेली हातगाडी समोर आडवी आली. वेग ताशी ५० होता. ब्रेक दाबला, पण गाडी थांबेना. ती थांबली तेव्हा सळ्यांची टोके काचेपासून वीतभर अंतरावर होती. हातगाडीवाला तसाच उभा राहिला होता, त्याचे पाय हलेनात.

ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर हे वेगाच्या वर्गाला घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागून मिळते. यात इंजिन कोठेच नाही, गाडीचे वजनही नाही. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.८ धरला तर ताशी ५० वरून सुमारे १२ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर, गुळगुळीत टायरने तो ०.४ झाला की २५. ब्रेकवर पाय पोहोचेपर्यंत एका सेकंदात गेलेले १४ मीटर निराळेच.

मी पिशवीतून प्रयोगशाळेतील व्हर्निअर काढला. त्याच्या मागच्या टोकाची बारीक पट्टी खोली मोजण्यासाठी असते, हे शाळेत शिकवतात आणि सगळे विसरतात. टायरच्या खाचा तिने मोजल्या. मागच्या टायरांवर ३ मिलिमीटर, पुढच्यांवर १.४. नियमाने १.६ पेक्षा कमी चालत नाही. दुहेरी काम करणारे टायरच आधी झिजणार.

“तुमच्याही घरच्या गाडीवर मोजून बघा,” मी त्याच्याकडे काम शिकणाऱ्या दोन पोरांना म्हटले. एकाने लगेच व्हर्निअर हातात घेऊन शेजारच्या टेम्पोखाली डोके घातले.

पुढच्या आठवड्यात टायर बसले. इंजिनाच्या फेरफारासाठी तो अजून पैसे साठवतो आहे, आणि भिंतीवरची ती पहिली ओळ त्याने पुसलेली नाही.