घरच्या फिशटँकमध्ये गोल्डफिश किती ठेवावेत?

शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही अनेक घरांच्या बैठकीत काचेची फिशटँक दिसते. त्यात सर्वांचा आवडता मासा म्हणजे सोनेरी-केशरी रंगाचा, डौलदार शेपटीचा गोल्डफिश. परंतु हौसेने आणलेले हे मासे महिन्या-दोन महिन्यांत एकामागून एक मरतात, असा अनुभव पुष्कळांना येतो. मग कोणी दुकानदाराला दोष देतो, कोणी नळाच्या पाण्याला. तर कोणी "घरावरचे संकट माशाने स्वतःवर घेतले" अशी समजूत करून घेतो. खरे कारण बहुधा अगदी साधे असते. टाकीच्या मानाने मासे जास्त झालेले असतात. म्हणून मासे किती ठेवावेत, हे कसे ठरवायचे ते येथे थोडक्यात पाहू.

प्रथम हा मासा कोण, हे समजून घेतले पाहिजे. गोल्डफिश हा कार्प कुळातील मासा आहे. आपल्याकडील रोहू, कटला व मृगळ हे त्याचेच भाऊबंद. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये तळ्यांतील माशांतून रंगीत मासे निवडून त्यांची पैदास सुरू झाली. दुकानात हा मासा बोटाएवढा दिसतो, कारण ते त्याचे पिल्लू असते. लांब अंगाचा कॉमेट पूर्ण वाढला की ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. गोल अंगाचे ओरांडा, रायुकिन, ब्लॅक मूर हे प्रकार १५ ते २० सेंटिमीटरचे होतात. नीट सांभाळल्यास तो दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. इंग्लंडमधील टिश नावाचा गोल्डफिश १९५६ साली एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला होता आणि १९९९ साली वयाच्या ४३व्या वर्षी मेला. "टाकी लहान असली की मासा लहानच राहतो" असे सांगितले जाते. पण अशा टाकीत त्याची वाढ खुंटते ती दूषित पाण्यामुळे, आणि त्याचे आयुष्यही घटते.

आता मुख्य मुद्दा. माशाला पोहायला जागा किती, एवढाच हा प्रश्न नाही. मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्याच पाण्यात त्याची घाणही जाते. त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो. विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच तयार होतो. हा वायू पाण्यात विरघळलेला असतो. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, तरी ते विषारी झालेले असू शकते. त्यातच गोल्डफिशला जठर नसते. तो दिवसभर खात राहतो आणि घाणही फार करतो.

निसर्गाने यावर उपाय ठेवला आहे. नायट्रोसोमोनास नावाचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच; परंतु नायट्रोस्पायरासारखे दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि ते बरेच कमी घातक असते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि तळाच्या खड्यांवर वस्ती करतात. नव्या टाकीत ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी आठ-दहा मासे सोडले, तर ते का मरतात हे यावरून ध्यानात येईल.

पूर्वीच्या पुस्तकांत "एक गॅलन पाण्याला एक इंच मासा" असा हिशोब असे. लहान, सडपातळ माशांना तो कसाबसा चालतो. गोल्डफिशला चालत नाही. मासा लांबीने दुप्पट झाला की रुंदीने आणि जाडीनेही दुप्पट होतो. म्हणजे त्याचे वजन सुमारे आठपट होते. ५ सेंटिमीटरचा मासा १५ सेंटिमीटरचा झाला, की वजन सुमारे २७ पट! घाण वाढते ती वजनाच्या मानाने, लांबीच्या नव्हे.

म्हणून गोल अंगाच्या गोल्डफिशसाठी सोपा हिशोब असा धरावा : पहिल्या माशाला ७५ लिटर पाणी आणि पुढच्या प्रत्येक माशाला ४० लिटर. टाकीची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि १००० ने भागावे, म्हणजे लिटर मिळतात. खडे आणि वरची मोकळी जागा यांसाठी त्यातून सहावा हिस्सा वजा करावा.

दोन फुटी टाकी (६० × ३० × ३०) : प्रत्यक्ष पाणी ४५ लिटर. पूर्ण वाढलेल्या एका माशालाही हे अपुरे आहे. फार तर दोन पिल्ले वर्षभर ठेवावीत आणि पुढे मोठी टाकी घ्यावी. ते शक्य नसेल तर गप्पीसारखे लहान मासे पाळावेत.

तीन फुटी टाकी (९० × ३८ × ४५) : सुमारे १३० लिटर. दोन मासे.

चार फुटी टाकी (१२० × ४५ × ४५) : सुमारे २०० लिटर. चार मासे.

गोल्डफिश सोबतीने राहणारा आहे. म्हणून जागा असल्यास एकापेक्षा दोन बरे. लांब अंगाच्या कॉमेटची खरी जागा मात्र बागेतील हौद किंवा तळे हीच होय.

फेंगशुईच्या नावाखाली आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ठेवण्याचा सल्ला दिला जातो. वरील हिशोबाने नऊ माशांना ३९५ लिटर पाणी लागेल. नुसत्या पाण्याचेच वजन जवळजवळ ४०० किलो! हे नऊ जीव दोन फुटी टाकीत कोंडून घराची भरभराट कशी होणार, याचा ज्याने त्याने विचार करावा. काचेचा गोल बाऊल तर त्याहून वाईट. त्यात पाणी थोडे आणि फिल्टरला जागा नाही. इटलीतील रोम शहराने २००५ साली गोल भांड्यात मासे ठेवण्यास बंदी घातली, ती उगाच नव्हे.

आपल्याकडील उन्हाळाही लक्षात घ्यावा. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तो साडेसातवर येतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर तो धोक्याचा इशारा समजावा. वीज जात असेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा.

दर आठवड्याला पाव ते एक-तृतीयांश पाणी बदलावे. नळाचे पाणी क्लोरिन घालवूनच टाकीत घालावे. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा. साबण लावून सारी टाकी घासली, की उपयोगी जिवाणूही जातात. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे.

मासे जास्त झाले म्हणून ते गावच्या तळ्यात, विहिरीत किंवा नदीत कधीही सोडू नयेत. अमेरिकेतील बर्न्सव्हिल शहरात असे सोडलेले गोल्डफिश तळ्यात वाढून फुटबॉलएवढे झाल्याचे २०२१ साली आढळले. ते तळ उकरून पाणी गढूळ करतात आणि तेथील माशांचे अन्न हिरावतात. जास्तीचे मासे मोठी टाकी असलेल्या परिचिताला किंवा दुकानदाराला द्यावेत.

तात्पर्य, आधी पाणी मोजावे आणि मग मासे आणावेत. मोजक्या पण निरोगी माशांची टाकी मुलांना वर्षानुवर्षे आनंद देईल. पाळलेला जीव आपल्यावरच अवलंबून असतो, ही जाणीवही त्यातूनच मुलांच्या मनात रुजेल.