खेळामागची माणसं (भाग ६) : 'नको' म्हणायची नोकरी

गेल्या आठवड्यात आपण प्रोग्रॅमरच्या टेबलापाशी होतो. आज गाठायचाय व्हिडिओ गेमचा क्रिएटिव्ह डायरेक्टर. हा सहसा कोड लिहीत नाही, हिशेबही ठेवत नाही. खेळणाऱ्याला काय वाटलं पाहिजे, हे ठरवतो आणि शंभर जणांच्या कामातून तेच बाहेर पडेल याची राखण करतो. कल्पना सुचणं हे त्याचं काम, असा बाहेर समज आहे. कल्पना टीममध्ये कुणाकडेही ढिगाने असतात. टेस्टिंगच्या पोरांकडे तर जरा जास्तच. त्यातल्या बहुतेक कल्पनांना 'नको' म्हणण्यासाठी याला पगार मिळतो.

जपानचे फुमितो उएदा हे याचं माझ्या मते सर्वांत स्वच्छ उदाहरण. शिक्षण ओसाकाच्या कला विद्यापीठात, मग अ‍ॅनिमेटर म्हणून या धंद्यात. १९९७ च्या सुमारास सोनीत त्यांनी 'इको' हा गेम हाती घेतला. शिंगं असलेला एक मुलगा, भाषा न कळणारी एक मुलगी आणि भलामोठा ओसाड किल्ला. तिचा हात धरून बाहेर पडायचं, एवढीच गोष्ट. सुरुवातीला सहकाऱ्यांना हे समजावण्यासाठी त्यांनी एक छोटी फिल्मच बनवली. पुढे सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनची ताकद अपुरी पडू लागली, गेम प्लेस्टेशन २ वर न्यावा लागला, आणि २००१ साली तो बाजारात आला.

दरम्यान, त्या मुलगा-मुलीच्या नात्याशी ज्याचा संबंध नाही ते काढून टाकायचं, असं ठरलं होतं. जीव किती उरला हे दाखवणारी पट्टी नाही, नकाशा नाही, सामानाची यादी नाही. शत्रू म्हणजे फक्त काळ्या सावल्या, आणि त्यांनाही मुलगीच पळवून न्यायची असते. हात धरायला कंट्रोलरवरचं एक बटण दाबून ठेवायचं. ती ओढली गेली की कंट्रोलर थरथरतो. पट्टी असती तर नजर पट्टीवर राहिली असती. आता ती त्या हातावर राहते. हे दिसायला सोपं आहे, पण काढलेली प्रत्येक गोष्ट कुणीतरी रात्री जागून केलेली असते. 'छान झालंय, पण नको' हे त्याच्या तोंडावर सांगावं लागतं.

उएदांच्याच २००५ च्या 'शॅडो ऑफ द कोलोसस'मध्येही तेच. ४८ महाकाय प्राण्यांचा बेत होता. तो २४ वर आला, शेवटी १६ उरले. अधेमधे मारायला किरकोळ शत्रू एकही नाही, नुसती घोड्यावरची लांबलचक रपेट. आणि तो घोडाही पूर्णपणे तुमच्या ताब्यात नसतो.

पण कमी ठेवलं की काम कमी होतं, असं नाही. 'द लास्ट गार्डियन'मध्ये एक मुलगा आणि ट्रिको नावाचा पंखवाला अवाढव्य प्राणी, बस. सगळा भार ट्रिकोवर, म्हणून तो खरा वाटलाच पाहिजे. २००९ साली जाहीर झालेला हा गेम २०१६ च्या डिसेंबरात आला, तोही प्लेस्टेशन ३ ऐवजी ४ वर. मधेच उएदांनी सोनीची नोकरी सोडली आणि बाहेर राहून काम चालू ठेवलं. ट्रिको हाक मारली की लगेच ऐकत नाही. काही खेळाडू वैतागले, काहींना तोच जीव लावून गेला. मला विचाराल तर तो हट्टीपणा काढला असता, तर ट्रिकोचं नुसतं वाहन झालं असतं.

एवढी वर्षं टीमचे पगार कोण देत होतं आणि काय आशेवर, ते पुढच्या आठवड्यात : प्रोड्युसर.